मोजमाप वही: काम क्रमांक १, वजन उतरवणे

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सोलापूर

वजन ९१.४ किलो. उंची १६८ सेंटिमीटर. पोटाचा घेर बेंबीवरून १०८. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.१. वय ४६.

साइटची डायरी लिहायला लागून अठरा वर्षं झाली. किती मजूर आले, किती पोती सिमेंट लागलं, मिक्सर किती वाजता बंद पडला, सगळं लिहिलेलं असतं. स्वतःच्या अंगाची मात्र एक ओळ कुठं नाही. दिवाळीनंतर पँटचं बटण लागेना तेव्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ च्या खाली असती तर चिंता नव्हती, ६.५ पासून मधुमेह म्हणतात, तुम्ही मधल्या पट्ट्यात. मी मनात म्हटलं, भिंतीला ओल आलीय, पोपडे अजून सुटले नाहीत. गोळी आत्ता नको म्हणाले. सहा-सात किलो उतरवा आणि चार महिन्यांनी दाखवा.

म्हणून ही वही. मुदत चार महिने. मापून खायचं नाही, उपाशीही राहायचं नाही. कारखान्यातून पाकिटात येतं ते बंद, शेतातून येतं ते पोटभर. एवढीच पद्धत.

काम सुरू करण्याआधी जागेची पाहणी करतात, तशी कालच्या दिवसाची केली. साइटवर सात हाफ चहा आणि प्रत्येकाबरोबर दोन-तीन बिस्किटं. सकाळी दोन वडापाव. डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर टोमॅटो सॉस (हो, पोळीला). संध्याकाळी फरसाण. रात्री नूडल्स, कारण घरात सगळेच दमलेले. एका हाफ चहात ८ ग्रॅम साखर धरली तर सात चहांची ५६ ग्रॅम. सव्वादोनशे कॅलरी आणि भूक होती तिथंच.

१२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. कामाचा दुसराच दिवस आणि काम बंद. पंढरपूरच्या रस्त्याला वारकऱ्यांची गर्दी, मटेरियलची गाडी आलीच नाही. घरी साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या, बटाट्याचा कीस, वर उपवासाचा चिवडा. एकादशी अन् दुप्पट खाशी, ते उगाच नाही म्हणत.

मुलगी बारावीला आहे, सायन्स. ती म्हणाली, बाबा, साबुदाणा हे धान्यच नाही. तमिळनाडूत सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदाचं सत्त्व काढून त्याच्या गोळ्या करतात. शेचाळीस वर्षं मी तो कुठल्यातरी झाडाला लागतो असंच धरून चाललो होतो.

१४ नोव्हेंबर

रात्री फडताळ रिकामं केलं. पाकिटं फरशीवर मांडली, २३ निघाली. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "दुकान टाकायलास का?"

पाकिटामागच्या यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. ‘आटा’ असं समोर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बिस्किटाच्या मागे पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पाम तेल. आटा चौथा. मग घातलेल्या रसायनांचे सांकेतिक आकडे सुरू: ५००, ५०३, ३२२. पहिले दोन फुगवण्याचे क्षार, तिसरं लेसिथिन, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं. सुपाच्या पाकिटात ६२७ आणि ६३१. हे दोघं जोडीनंच फिरतात, चव खुलवायला. यात विष काही नाही, सगळे परवानगीचेच. पण आपल्या ओट्यावर यातलं काय असतं? एक सोडा, बास.

मुलीनं मग ‘नोव्हा’ची वर्गवारी सांगितली. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोन्तेइरो यांच्या गटानं २००९ च्या सुमाराला मांडलेली. चार गट. पहिल्यात ज्वारी, डाळ, भाजी, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, तूप, म्हणजे जे नुसतं कुणी खात नाही, पहिल्याला लावतं. तिसऱ्यात त्या दोघांचं मिळून केलेलं, लोणचं, पनीर असलं. चौथ्यात अतिप्रक्रिया केलेलं, जिथं मूळ धान्य ओळखू येत नाही. आमच्या २३ पैकी १९ चौथ्यातली.

उरलेली दिवाळीची चकली घरची आहे म्हणून नोव्हा तिला सोडून देते. माझी पँट सोडत नाही. चकली शेजारी दिली.

१८ नोव्हेंबर

वजन ८९.९. आठवड्यात दीड किलो! साइटवर सगळ्यांना सांगून आलो.

संध्याकाळी जरा डोकं थंड झालं. काँक्रीटची ताकद बघायला त्याचे क्यूब सात दिवसांनी फोडतात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडतात. सात दिवसांच्या आकड्यावर कुणी पूल खुला करत नाही. शरीरात ग्लायकोजन म्हणून साखरेचा साठा असतो, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं बदललं की आधी तो उतरतो. म्हणजे या दीड किलोतलं बरंचसं पाणीच.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारीचं ५० किलोचं पोतं आणलं. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण आमच्या आईला त्याचं काही नाही, तिनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला आणि "बरीय" म्हणाली. कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरली. दहा किलो दळून आणली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीला ३३४ कॅलरी आणि १० ग्रॅम तंतू. कॅलरी बघितल्या तर गव्हापेक्षा फार वेगळ्या नाहीत. फरक खाताना कळतो. पोळ्या चार कधी संपल्या कळायचं नाही, दोन भाकरी खाताना जबडा दुखतो आणि तिसरी मागवत नाही.

नवा सिलिंडर आजच लावला. त्यावर खडूनं तारीख लिहिली. साइटची सवय.

३० नोव्हेंबर

वजन ८९.१.

ही नोंद जरा लांब होईल.

आज जेवताना मी कौतुकानं म्हणालो, बघ, नुसतं साधं जेवून किती उतरलं. बायको ताटात भाकरी वाढत होती. म्हणाली, "तुमचं वजन उतरायलंय. माझी झोप उतरायलीय." आणि आत गेली. आई काही बोलली नाही, पण माझ्याकडे बघून घेतलं.

रात्री हिशेब मांडला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सव्वानऊची एसटी. आधी साडेपाचला उठायची, आता पावणेपाचला. मेथी किंवा चाकवत निवडायला २० मिनिटं. नऊ भाकरी थापायला-भाजायला ३५. मटकी भिजवणं, उपसणं, फडक्यात बांधणं, मग तिची उसळ, हे धरून २०. विरजण, ताक, कोशिंबीर १०. दिवसाला ८५ मिनिटं जादा. आठवड्याला जवळपास दहा तास.

यातली माझी शून्य.

आमच्या धंद्यात मूळ अंदाजपत्रकात नसलेलं काम निघालं की त्याला जादा बाब म्हणतात. तिचा दर ठरवावा लागतो, मंजुरी घ्यावी लागते, मगच हात लावायचा. मी दहा तासांची जादा बाब विचारल्याशिवाय बायकोकडून करून घेतली आणि वहीत नाव माझं. एखाद्या ठेकेदारानं माझ्याशी असं केलं असतं तर मी त्याचं बिल अडवलं असतं.

आणि ती २३ पाकिटं. मी ती आळसाची खूण म्हणून फरशीवर मांडली होती. नूडल्सचं पाकीट म्हणजे तिच्या संध्याकाळची पाऊण तासाची सुट्टी होती. फ्रोजन पराठा म्हणजे तिचा पेपर तपासण्याचा वेळ. हे १४ तारखेच्या नोंदीत यायला हवं होतं. नोंद दुरुस्त समजावी.

ठरलं: उद्यापासून सकाळच्या भाकरी मी करणार. भाजी निवडणं रात्री टीव्हीसमोर, मुलगी आणि मी. बायको "बघू" म्हणाली.

१ डिसेंबर, रविवार

आईनं शिकवायला घेतलं. खांदा दुखतो म्हणून ती स्टुलावर बसून नुसती बोलत होती.

परातीत पीठ, मधे आळं, त्यात उकळतं पाणी. चमच्यानं कालवून जरा निवू द्यायचं, मग तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, उकळत्या पाण्यानं स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. हे मला समजलं. मग गोळा, खाली पीठ भुरभुरायचं आणि बोटं जुळवून थापायचं. थापताना भाकरी आपली आपण गोल फिरली पाहिजे. हे मला समजलं नाही. माझी फिरेना. मी परात फिरवली.

"भाकरी करायलास का कुंभाराचं चाक?" आई.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर यावी लागते आणि तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा. पहिली टाकतानाच अर्ध्यात तुटली. दुसरीच्या कडेला चिरा, उन्हात क्युरिंग न झालेल्या, म्हणजे पाणी न मारलेल्या स्लॅबसारख्या. तिसरीवर पाणी जास्त झालं, तव्याला चिकटली. चौथी अखंड उतरली पण फुगली नाही. पापुद्रा सुटला नाही की भाकरी आत कच्ची राहते. नऊला बसलो, पावणेअकराला उठलो. खाण्यासारख्या पाच.

सगळ्यांनी खाल्ल्या. मुलीनं ताकात बुडवून.

५ डिसेंबर

साइटवर डबा उघडला. आज त्यात माझीच भाकरी, तुकडे तुकडे. काँक्रीटला पाणी मारणाऱ्या एक मावशी शेजारीच बसल्या होत्या. बघितलं आणि हसल्या. "साहेब, पीठ किती दिसाचं?"

म्हटलं, अकरा-बारा.

"मग विरी गेली की त्याची. बाईच्या हातानं जमंल, तुमच्या न्हाई जमायचं. आठ दिसाचंच दळत जावा."

विरी! हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, आज त्याचा अर्थ हाताला कळला. पिठात जो धरून ठेवायचा जोर असतो ती विरी. दळून दिवस गेले की ती जाते. सिमेंटचं पोतं तीन महिने पडलं की ताकद उतरते हे मी नव्या सुपरवायझरला पाठ करायला लावतो, आणि पिठाचं मला ठाऊक नाही.

मावशींनी त्यांची भाकरी दिली, कडेला करपलेली, वर लसणाचा ठेचा. मी त्यांना माझी द्यायला लाजलो. त्यांनी ती घेतलीच.

९ डिसेंबर

अठ्ठावीस दिवस. वजन ८८.४. घेर १०५. तीन किलो. क्यूब पास.

चहा सातावरून दोनवर. त्याचा पहिला आठवडा वाईट गेला, दुपारी चारला डोकं ठणकायचं. आता टपरीवर गेलो तरी उभा राहून गप्पा मारून परत येतो. टपरीवाला नाराज आहे.

ताज्या पिठाच्या नऊ भाकरी, ५२ मिनिटं. दोन फुगल्या.

१८ डिसेंबर

मेहुण्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, कॅलरी ती कॅलरी, पाकिटातली काय नि परातीतली काय. मुलीनं एक अभ्यास काढून दाखवला. अमेरिकेत बेथेस्डा इथं राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला, २०१९ साली छापलेला. वीस माणसं महिनाभर दवाखान्यातच ठेवली. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखे मांडलेले आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकिटातल्या जेवणावर माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर. दोन आठवड्यांत सुमारे ०.९ किलो वाढ, आणि साध्यावर तेवढीच घट.

म्हणजे मेहुणा म्हणतो ते खोटं नाही, कॅलरी तीच. पण ताटात किती घ्यायची ते आपण ठरवतो असं जे त्याला वाटतं, तिथं तो चुकतो. माझ्या जबड्याला हे आधीच माहीत होतं.

मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांनी खर्चही लिहिलाय: २,००० कॅलरीच्या हिशेबानं आठवड्याला साध्या जेवणाचे १५१ डॉलर, दुसऱ्याचे १०६. सामानाचा खर्च फक्त. भाज्या चिरायला आणि रांधायला तिथं स्वयंपाकी होते, त्या वीस जणांना सगळंच आयतं. मी हे वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, "मलाही ठेवा म्हणावं महिनाभर."

२७ डिसेंबर

सिलिंडर संपला. २४ नोव्हेंबर ते आज, ३३ दिवस. आधी ४५ जायचा. नव्यावर तारीख लिहिली.

६ जानेवारी २०२५

वजन ८७.४. गेल्या तीन सोमवारी ८७.५, ८७.३, ८७.४. काम ठप्प.

दोषी शोधला. शेंगाचटणी. सोलापुरात राहून शेंगाचटणी खाऊ नको म्हणणाऱ्याला मी माणूस मानत नाही. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, भाकरीवर बोटानं दाबून घ्यायची. पण अर्धा किलोची बरणी आठ दिवसांत संपतेय आणि त्यातली जवळपास ४०० ग्रॅम मीच खातो, म्हणजे रोज ५० ग्रॅम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ५६० च्या वर कॅलरी. शिवाय पाचला बिस्किटांऐवजी मूठभर दाणे आणि गुळाचा खडा. ‘शेतातून आलेलं पोटभर’ हा माझा नियम, आणि दाणे शेतातूनच येतात, तेही आमच्याच मातीत. दोन्ही मिळून रोज पावणेसहाशे कॅलरी.

गुळाचंही तेच. साखरेपेक्षा कमी कॅलरी म्हणावी तर जेमतेम. चार चांगली मूलद्रव्यं असतात, पण ती मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाल्ला तर ही वही बंद करावी लागेल.

तेलाचाही हिशेब आजच केला. चौघांना महिन्याला पाच लिटर. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. घाण्याचं असो की रिफाइंड, ग्रॅमला नऊच. फोडणीची पळी बदलली, लहान आणली. आईनं ती बघून "ही कानात तेल घालायची का?" विचारलं. पहिल्या महिन्यात साडेतीन लिटर लागलं तरी पुरे.

सुधारित नियम: दाणे मोजून २० ग्रॅम. बाकी पोटभर.

१३ जानेवारी, भोगी

वजन ८६.९.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी: ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं, ओल्या शेंगा, तिळाचा कूट. वर लोण्याचा गोळा, आईच्या हुकमावरून. पाकिटमुक्त जेवणाचा धडा जर कुणाला द्यायचा असेल तर हे ताट समोर ठेवावं. पूर्वीच्यांनी हे काही वजनासाठी केलं नव्हतं, शिवारात त्या आठवड्यात जे होतं ते भांड्यात टाकलं.

बाजरीच्या भाकरी आईनं केल्या. माझ्या बाजरीला अजून तिची परवानगी नाही.

दुपारी सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला गेलो. नंदीध्वजांच्या काठ्या पेलणाऱ्यांचे खांदे बघितले आणि माझं पोट जरा आत ओढून घेतलं. रात्री गड्ड्याच्या जत्रेत मुलीसाठी भेळ. मी चार घास.

१४ जानेवारी

तिळगूळ: अकरा. मोजले कारण मोजायचं ठरलंय. कुणाला नाही म्हणता येत नाही, गोड बोलायचा दिवस.

२७ जानेवारी

वजन ८६.१, घेर १०१.

आमच्या ऑफिसातला सर्व्हेअर काडीसारखा आहे, ६३ किलो. माझ्या डब्याची रोज थट्टा करतो. आज म्हणाला, त्याची साखर ६.३ निघाली. माझ्यापेक्षा जास्त. त्याचा विश्वासच बसेना.

त्याला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवला. केईएम रुग्णालयातले हे डॉक्टर आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, नेमका २२.३. तपासलं तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापलं होतं. आपली चरबी दिसत नाही, आत पोटात बसते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांना घेर ९० च्या खाली ठेवा म्हणतात आणि २५ बीएमआयलाच लठ्ठ धरतात. त्या हिशेबानं मी अजून लठ्ठच. ३०.५.

सर्व्हेअरनं बिस्किटाचा पुडा ड्रॉवरमध्ये ठेवला. खाल्ला असेल मागून.

१० फेब्रुवारी

वजन ८५.५. लग्नाचे तीन बुफे या आठवड्यात, त्यातला एक अकलूजला. तिथं ज्वारीचा हुरडा होता, वाफाळता, दह्याच्या चटणीबरोबर, म्हणून बाकीच्या टेबलांकडे फिरकलो नाही. उरलेल्या दोन ठिकाणचं लिहीत नाही.

नऊ भाकरी, ३८ मिनिटं. सात फुगल्या. भाकरी आता परातीत आपली आपण फिरते. कधीपासून ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

वजन ८४.९. भगर, दाण्याची आमटी (पातळ), उकडलेलं रताळं, ताक. साबुदाणा आणलाच नाही. आई कुरकुरली, मग तिच्यासाठी वाटीभर भिजवला. ७१ व्या वर्षी तिला शिकवायचं काय.

८ मार्च, शनिवार

बायको सोमवारपासून प्रशिक्षणाला पुण्यात होती. घर माझ्यावर. मुलीची बारावीची परीक्षा चालू, आईचा खांदा धरलेला, पुलाच्या गर्डरचं काँक्रीट याच आठवड्यात.

सोमवार: भाकरी, पिठलं, कांदा. मंगळवार: मुगाची खिचडी, ताक. बुधवार: हुलग्याचे शेंगोळे करायला गेलो, वळता वळता साडेनऊ वाजले. मुलगी अभ्यास सोडून वळायला आली, तिला परत पाठवलं. गुरुवारी ओतकाम रात्री अकरापर्यंत चाललं. येताना दुकान उघडं दिसलं आणि नूडल्सची चार पाकिटं घेतली. घरी तिघांनी खाल्ली, मुलीनं ‘बाबा!’ म्हणून मिठी मारली. सगळं पाच मिनिटांत. भांडं एक.

याबद्दल मला वाईट वाटलं नाही. त्या रात्री माझ्याकडे ८५ मिनिटं नव्हती, एवढंच. साइटवरून अकराला परतणाऱ्या, घरी आई नसलेल्या, एका खोलीत चौघं राहणाऱ्या माणसाकडे ती कुठल्याच रात्री नसतात. त्याला ‘घरचं ताजं खा’ म्हणून सांगणारा मी कोण?

शुक्रवारी परत पिठलं.

१७ मार्च

अठरा आठवडे. वजन ८४.३, घेर ९८, एचबीएवनसी ५.७. डॉक्टर म्हणाले, अजून काठावरच, पण पाणी ओसरतंय, असंच चालू द्या. ७.१ किलो उतरले. पँट शिंप्याकडे.

अंतिम देयक आता वहीत मांडतो, कारण वजनाचा आकडा सगळे विचारतात, हा कुणी विचारत नाही. किराणा: फरसाण, बिस्किटं, नूडल्स, सॉस यांचे महिन्याचे २,१०० रुपये वाचले. भाजी, ताक-दूध, अंडी यांचे १,७०० वाढले. गॅस वाढला. पैशात फिटंफाट. वेळ: दिवसाला ८५ मिनिटं होती ती कामाची सवय झाल्यावर ७० वर आली. त्यातली ४० माझी, १५ बायकोची, १५ मुलीची आणि आईची मिळून. आईची म्हणजे लसूण सोलणं आणि माझ्या चुका काढणं.

बायको परत साडेपाचला उठते. मी पावणेपाचला.

३० मार्च, गुढीपाडवा

वजन बघितलं नाही. सकाळी कडुलिंबाची चटणी, दुपारी श्रीखंड-पुरी. श्रीखंड घरचं, चक्का रात्री मीच टांगला. साखर घालताना आईचा हात मी धरला नाही. पुऱ्या पाच.

संध्याकाळी पिठाचा डबा बघितला, तळाला आलाय. गिरणी आज बंद, उद्या सहाला उघडेल. तीन किलोच दळायची, जास्त नाही. जेवणानंतर सिलिंडर गेला, मुलीनं नवा लावला. खडू तिनंच घेतला आणि तारखेच्या खाली आजच्या भाकऱ्यांचा आकडा लिहिला: शून्य, पुऱ्या.